पोटखराबा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ असा एक शब्द असतो. लहानपणी मामाच्या उताऱ्यावर तो मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा माझी अशी समजूत झाली की मामाच्या पोटाच्या तक्रारीची सरकारने दप्तरी नोंद करून ठेवली आहे. मामाचं पोट खरोखरच नाजूक होतं. त्यामुळे सरकारबद्दल माझा आदर अतोनात वाढला. पुढे कळलं, की पोटखराबा म्हणजे लागवडीला नालायक जमीन. खडक, मुरूम, घळ, ओढा वगैरे. भोर तालुक्यात मामाची एकूण सतरा एकर जमीन आहे. त्यातली तीन एकर भाताची आणि चौदा एकर पोटखराबा. बँकेच्या भाषेत सांगायचं तर मामाची शेकडा ब्याऐंशी मालमत्ता बुडीत खात्यात होती.

मी स्वतः एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून आहे. हल्ली आमच्या पदाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ असं म्हणतात, पण नवं बारसं केलं म्हणून मूल काही लगेच गोरं होत नाही. वय सेहेचाळीस. शिक्षण बी. कॉम., द्वितीय श्रेणी. रस्ता सोडून जाण्याचा माझा आयुष्यातला अनुभव म्हणाल तर एकच. सौ.ला स्कूटर शिकवताना ती, मी आणि स्कूटर असे तिघंही केबलसाठी खणलेल्या चरात गेलो होतो. या प्रकाराला ‘ऑफ-रोडिंग’ म्हणतात आणि लोक तो हौसेने करतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नाहीतर मी एवढा ओरडलो नसतो.

तर मागच्या वर्षी जुलैत मामाचा फोन आला. मामा फोनवर नेहमी असा बोलतो, की फोन नसता तरी मला पुण्यात ऐकू गेलं असतं.

“आरं भाच्या, हितं गाड्या आल्या व्हत्या! चार! डोंगरावनं खाली आल्या, वढ्यातनं गेल्या आन् माझा बांध फोडून भातात शिरल्या. परवाच लावणी झालेली!”

“मग?” मी घाबरून विचारलं. मामाच्या हातात काठी असते.

“मग काय? काठी घिऊन ग्येलो. म्हनलं, रस्ता तकडं हाय. तर त्यो चष्मेवाला म्हनतो कसा, ‘मामा, आम्हांला रस्ता नकोच आहे.’ रस्ता न्हाई म्हनून आम्ही चाळीस वर्सं तालुक्याला अर्ज करतोय, आन् ह्यास्नी रस्ता नको! मग त्यानं पाचशेची नोट दिली आन् ‘सॉरी मामा’ म्हनला.”

“आणि तू घेतलीस?”

“घ्येतली की! आन् तवापास्नं झोप न्हाई बघ. एका बांधाचं पाचशे देत्यात, तर चौदा एकर माळाचं किती देत्याल? तू बँकेत हाईस. जरा हिशेब करून सांग.”

वाचकहो, एखादी कल्पना सुचायला न्यूटनला सफरचंद लागलं, आमच्या मामाला पाचशेची नोट लागली. माळाला कुंपण घालायचं, फाटकावर पैसे घ्यायचे आणि आत ज्याला जसा चिखल तुडवायचा असेल तसा तुडवू द्यायचा. असं खाजगी, पैसे भरून वापरायचं पार्क काढलं तर हे हौशी लोक येतील का, हा मामाचा प्रश्न होता.

यात गंमत असली तरी मामाच्या आवाजात गंमत नव्हती. दर महिन्याला पांढऱ्या बुटांतला एक एजंट मामाकडे येतो. चौदा एकर सपाट करून तिथे फार्महाउसचे प्लॉट पाडायचा त्याचा विचार आहे. चाकणला नोकरी करणारा माझा मामेभाऊ म्हणतो, विकून टाका. त्यालाही मी दोष देत नाही. त्याच्या फ्लॅटचा हप्ता मला ठाऊक आहे, कारण तो माझ्याच शाखेत भरला जातो. पण मामाचं म्हणणं निराळं. पाऊस पडतो माळावर, तिथून तो ओढ्यात येतो आणि ओढ्यातून भाताला. माळ सपाट केला की ओढा गेला, ओढा गेला की तीन एकर भातही गेलं. मामा एकदा म्हणाला होता, “त्यो पोटखराबा हाय म्हनून पोटाला भात हाय.” हे वाक्य अर्थशास्त्राच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात मी वाचलेलं नाही, आणि द्वितीय श्रेणीत का होईना, पुस्तकं मी वाचली आहेत.

तेव्हा मी पाहणी सुरू केली. पाहणीसाठी कुठे जायची जरुरी नव्हती. दणकट चार-चाकी ओढीच्या गाड्यांसाठी आमच्या शाखेने इतकी कर्जं दिलेली आहेत, की शाखेबाहेर कधी कधी सैन्याचा तळ पडल्यासारखं वाटतं. २०२० साली थारचा नवा अवतार आला तेव्हापासून तर ज्यांना मी जन्मभर लुनावर पाहिलं, तेही शिडी लावल्यासारखे गाडीत चढताना दिसू लागले.

पहिले गृहस्थ पासबुक भरायला आले होते. मी विचारलं, “साहेब, तुमची गाडी खऱ्या डोंगरात चढते का हो?”

त्यांनी पासबुक बाजूला ठेवलं. “एक्केचाळीस अंशांचा ॲप्रोच अँगल आहे. म्हणजे एवढा चढ समोर आला तरी नाक घासत नाही. आणि साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते!”

साडेसहाशे मिलिमीटर म्हणजे सुमारे सव्वादोन फूट. आमच्या सोसायटीच्या तोंडाशी पावसाळ्यात साधारण तेवढंच पाणी साचतं, आणि त्यातून मी ऑफिसचा डबा सांभाळत रोज जातो, हे मी त्यांना सांगितलं नाही. उगाच माणसाचा विरस करू नये.

“मग कधी नेलीत?”

“कुठे?”

“डोंगरात.”

ते थोडे ओशाळले. “मॉलच्या पार्किंगचा चढ चांगला आहे,” म्हणाले.

दुसरे एक तरुण ग्राहक मात्र कसलेले होते. गाडीवर सहा लाखांचं जास्तीचं सामान. दीड-दोन लाखांची चिखलाची चाकं, पुढे लोखंडी दोर गुंडाळणारी विंच, छपरावर दिवे. त्यांना मी म्हटलं, “तासाभराच्या वाटेवर एक पार्क निघालं आणि दिवसाचे पाचशे रुपये घेतले, तर याल का?”

“पाचशे?” त्यांचा चेहरा असा झाला, की मी त्यांची किडनीच मागितली. “डोंगर काय कोणाच्या बापाचा आहे? निसर्गाला कसलं तिकीट?”

इथे मला माणसाच्या स्वभावाचा एक जुनाच नियम नव्याने सापडला. माणूस वस्तूला लाख रुपये देतो, पण वस्तू वापरण्याच्या जागेला छदाम द्यायला तयार नसतो. लग्नात घालायला वीस हजारांची पैठणी घेतील, आणि कार्यालयाच्या पार्किंगचे वीस रुपये वाचवायला गाडी फर्लांगभर लांब लावून पैठणीनिशी चिखलातून चालत येतील.

शिवाय डोंगर कोणाच्या बापाचा नाही, हेही पूर्ण खरं नाही. सह्याद्रीतला पुष्कळसा डोंगर वनखात्याचा आहे आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणं हा गुन्हा आहे. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या वाळूत गाडी घालायलाही मनाई आहे. तरी लोक घालतात, भरतीचं पाणी येतं, आणि मग नवी कोरी गाडी लाटांत आंघोळ करतानाचे फोटो साऱ्या महाराष्ट्रात फिरतात. जी जमीन वनखात्याची नाही ती मामासारख्या कुणाची तरी असते. म्हणजे खरोखर कुणाच्याच बापाचा नाही असा डोंगर शोधायला गेलं, तर तो बहुधा चंद्रावरच मिळेल. तिथे चार चाकांची गाडी अमेरिकेने १९७१ सालीच नेऊन ठेवली आहे.

घरी मी ही सगळी चर्चा सौ.पुढे मांडली. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “पाण्याला पैसे पडतील असं तुमच्या आजोबांना कुणी सांगितलं असतं तर?”

मी थबकलो. बाई बरोबर बोलत होती. विहिरीत पोहणं फुकट होतं, आता तलावाचा पास काढावा लागतो. चालणं फुकट होतं, आता जागच्या जागी चालायला लोक यंत्रशाळेत महिन्याचे पैसे भरतात. शेतात बसून हुरडा खाणं ही पाहुण्याची मजा होती, आता माणशी दर आहे. राज्य सरकारने तर २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरणच जाहीर केलं. कासच्या पठारावर फुलं बघायला शुल्क आहे आणि ते भरून लोक जातात. पावसाळ्यात भिजायला वॉटर पार्कला जाणारी माणसं मी स्वतः पाहिलेली आहेत. मग चिखलानेच काय घोडं मारलंय?

तिसरा सल्ला मी गॅरेजवाल्या अण्णांकडून घेतला. अण्णांचं आमच्याकडे चालू खातं आहे. साठीच्या पुढचे गृहस्थ, हात कोपरापर्यंत काळे, आणि दाराशी १९८० च्या दशकातली एक जीप. तिला काचेचा एकच तुकडा उरला आहे, बाकी सगळा अण्णांचा आत्मविश्वास. शहरातले हे सगळे हौशी लोक गाडी बिघडली की अण्णांकडे येतात. अण्णा त्यांना ओळखतात तसं त्यांच्या बायकाही ओळखत नसतील.

अण्णा म्हणाले, “परदेशात हे जुनं आहे. माझा पुतण्या अमेरिकेत आहे, पेनसिल्व्हेनियात. तिथे रॉश क्रीक म्हणून असंच खाजगी पार्क आहे, जुन्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात. फाटकावर पैसे भरायचे, ‘हात-पाय मोडला तर माझा मी जबाबदार’ अशा कागदावर सही करायची आणि आत जायचं. सोप्या वाटा वेगळ्या, अवघड वेगळ्या. तुमचा मामा म्हणतो ते काही खुळ्यासारखं नाही.”

“पण इथले लोक पैसे देतील का?”

अण्णांनी पान्हा पुसला. “हे बघा साहेब. ही माणसं दोन प्रकारची. एकाला वाटतं, तिकीट काढलं की त्यात साहस कसलं? लोकांनी आखून दिलेल्या वाटेने जायचं, तर हायवे काय वाईट? त्याचंही खरं आहे. दुसऱ्याला बायको-पोरं आहेत, सोमवारी नोकरी आहे. त्याला साहस हवं, पण संध्याकाळी सहाच्या आत. हा दुसरा देईल.”

“आणि किती?”

“आत जायला पाचशे देताना तो घासाघीस करेल. पण चिखलात बोनेटपर्यंत रुतला, वर पाऊस आणि आत बायको असली, की बाहेर काढायला म्हणाल तेवढे देईल. तुमच्या मामाकडे ट्रॅक्टर आहे का?”

वाचकहो, वाणिज्य शाखेत पहिल्या वर्षी शिकवलेला एक नियम मला त्या क्षणी आठवला. जे आत येतं ते नावे टाका, जे बाहेर जातं ते जमा करा. चिखलात गाडी आत येते, पण बाहेर जात नाही. म्हणून ताळेबंद जुळत नाही. ती बाहेर काढण्यातच जमा बाजू आहे! अठ्ठावीस वर्षांपूर्वी शिकलेल्या गोष्टीचा असा उपयोग झालेला पाहून मला भरून आलं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चाचणी घ्यायची ठरली. अण्णांनी आदल्या रविवारी येऊन माळ पायाखाली घातला आणि चुन्याच्या फकीने वाटा आखल्या. मामाने एकच अट घातली. ओढ्यात कुणी जायचं नाही. चाकांनी ओढा ढवळला की गाळ भातात उतरतो, आणि गाडीतून तेल ठिबकलं तर तेही. अण्णांनी मान हलवली. “मामा, ओढा म्हणजेच तर मजा. ओढा बंद केलात तर निम्मे लोक परत जातील.”

“जाऊ द्यात,” मामा म्हणाला. “ओढा गेल्यावर ऱ्हायलं काय माझं?”

म्हणून अण्णांनी खालच्या अंगाला, भातापासून लांब, पावसाचं पाणी आपोआप साचतं तिथे ट्रॅक्टरने एक डबकं आणखी नासवून ठेवलं. मामाच्या घराण्यात जमीन नासवायला डिझेल जाळण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. तो बांधावर उभं राहून पूर्वजांची क्षमा मागितल्यासारखा बघत होता.

रविवारी सकाळी मी फाटकाशी टेबल मांडलं. छापलेलं पावती पुस्तक, गल्ल्याला स्टीलचा डबा, शेजारी क्यू-आर कोडचं उभं पाटी-पत्र. माणूस बँकेतून बाहेर येतो, पण बँक माणसातून बाहेर येत नाही. नऊ वाजेपर्यंत अकरा गाड्या आल्या. निसर्गाला तिकीट नसतं म्हणणारे ते सहा लाखांचे तरुणही आले होते.

“आमचा ग्रुप आहे. चार गाड्यांना तीनशेप्रमाणे करा.”

“माझी गाडी छोटी आहे हो. चिखल कमी लागेल.”

“मी नुसता बघायला आलोय. गाडी आत नेऊन बघतो.”

“आम्ही मामांच्या ओळखीचे आहोत. हो ना मामा? मी तुमचा भाचाच की!”

शेवटचं वाक्य एकाने म्हटलं आणि मग सगळ्यांनीच म्हटलं. गाडी थांबे, काच खाली होई, आतून “काय मामा, भाच्याकडून पैसे घेणार?” असा आवाज येई. तासाभरात मामाला अकरा भाचे झाले. खरा भाचा पावत्या फाडत बसला होता, त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. शेवटी सात जणांनी पूर्ण पैसे दिले, दोघांनी हुज्जत घालून चारशे दिले आणि ओढा बंद आहे असं कळल्यावर दोघे परत गेले. अण्णांचा अंदाज निम्म्यांचा होता. मामा म्हणाला, “दोनच ग्येले. म्हंजी बाकीच्यास्नी पोटाचं कळतंय.”

पुढचा सगळा प्रकार मी लांबून पाहिला. गाड्या डबक्यात शिरत, घोड्यासारख्या फुरफुरत, चिखलाचे फवारे छपरावरून जात आणि मग आवाज तोच राहून गाडी मात्र जागच्या जागी. की मामाचा गडी ट्रॅक्टर घेऊन निघे. ओढून काढायचे तीनशे. आणि वाचकहो, तीनशे रुपयांवर एकानेही घासाघीस केली नाही! उलट दोर लावताना “मामा, जपून हां” असं म्हणून हसतमुखाने देत. सहा लाखवाल्या तरुणाने विंच न वापरता ट्रॅक्टरच मागवला. विंचेला चिखल लागला असता म्हणाले.

मग साडेअकराच्या सुमाराला ते घडलं.

एक गृहस्थ होते, चाळिशीच्या आतले. शेजारच्या बाकावर सातआठ वर्षांचा मुलगा, पट्टा बांधलेला. गाडी चुन्याची रेघ सोडून माळाच्या कडेच्या उतरणीवर आडवी गेली. पावसाने गवत निसरडं झालेलं. वरच्या बाजूचं पुढचं चाक हळूच जमिनीवरून उचललं गेलं. अगदी हळू. माणूस खुर्चीतून उठताना उठतो तसं. गृहस्थांनी सुकाणू चढाच्या बाजूला वळवलं. मीही तेच केलं असतं. माणूस पडायला लागला की वर बघतो.

अण्णा ओरडले. त्यांचा तसा आवाज मी बँकेत कधी ऐकला नव्हता. “खाली! उताराकडे वळव! ब्रेक नको, खाली वळव!”

त्या एक-दोन सेकंदांत सगळा माळ गप्प झाला. मामाची काठी खाली पडली. ती पडल्याचं त्याला कळलं नाही, मला कळलं. गृहस्थांनी सुकाणू उताराकडे फिरवलं, उचललेलं चाक धप्पकन जमिनीवर आलं आणि गाडी सरळ खाली उतरून पठारावर थांबली. गृहस्थ तसेच बसून राहिले. त्यांचे हात सुकाणूवरून निघत नव्हते.

मुलगा म्हणाला, “बाबा, परत एकदा!”

कुणी हसलं नाही. मग सगळेच फार जोरात हसले.

मामा मात्र हसला नाही. त्याने काठी उचलली, गड्याला हाक मारली आणि त्या उतरणीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “बंद कर ह्ये. पैसं परत द्ये समद्यांचं. लोकाचं पोर ग्येलं असतं. माझा माळ वाचवायला?”

याला माझ्या वहीत उत्तर नव्हतं. स्थिर खर्च होता, बदलता खर्च होता, डिझेल होतं, पावती पुस्तकाची छपाई होती. हा खर्च कोणत्या सदरात घालायचा ते मला शिकवलेलं नव्हतं. मी डबा उघडून नोटा मोजायला लागलो.

तेवढ्यात ते गृहस्थ आले. मला वाटलं, भांडायला आले. पांढरे पडलेले होते. म्हणाले, “पुढच्या रविवारी अण्णा असतील का?”

“का?”

“मी दोन वर्षं असाच डोंगरांत जातो. एकटा. चार मित्र असतात, पण कुणालाच काही येत नाही. वळवायचं खाली, हे मला आज कुणीतरी सांगितलं. तिकडे कोण सांगणार होतं?” मग थोडं थांबून म्हणाले, “अण्णा असतील तर मी हजारसुद्धा देईन.”

मामा त्यांच्याकडे बघत राहिला. मग अण्णांकडे. मग माझ्या हातातल्या नोटांकडे. “ऱ्हाऊ द्ये डबा,” म्हणाला. “आण्णा सांगतील तवाच गाडी आत जाईल. आण्णा न्हाईत त्या दिवशी फाटक बंद. पोरं संगं असतील तर फकस्त सपाटीवर.”

माझ्या पाहणीचा निष्कर्ष मी त्या दिवशी वहीत लिहिला. लोक पैसे देतील का? देतील. चिखलाचे देणार नाहीत, तो फुकट मिळतो. ‘थांब’ म्हणणाऱ्या माणसाचे देतील. बँकेत वीस वर्षं लोकांना ‘थांबा’ म्हणण्याचेच मला पैसे मिळत आले आहेत, पण ते कुणी आनंदाने दिल्याचं आठवत नाही.

दसऱ्यापर्यंत असे सात रविवार झाले. एकसष्ट गाड्या, पाचशेप्रमाणे तीस हजार पाचशे. (पहिल्या रविवारच्या दोन सवलतींचे दोनशे रुपये मामाने माझ्या खिशातून वसूल केले.) त्रेचाळीस गाड्या ओढून काढल्या, त्यांचे बारा हजार नऊशे. एकूण त्रेचाळीस हजार चारशे. डिझेल, गड्याची मजुरी, अण्णांचा मेहनताना, प्रथमोपचाराची पेटी, तारा-खांब आणि फुटक्या बांधाची दुरुस्ती मिळून खर्च सत्तावीस हजार एकशे पन्नास. शिल्लक सोळा हजार दोनशे पन्नास रुपये.

एजंटाच्या आकड्यापुढे हा आकडा म्हणजे हत्तीपुढे मुंगी. शिवाय हे अजून पार्क नव्हे, हे मी मामाला स्पष्ट सांगितलं आहे. बिनशेतीची परवानगी, विमा, कागदावरच्या सह्या, हे सगळं व्हायचं आहे, आणि ते होईपर्यंत फाटक बंद ठेव म्हटलं आहे. कचेरीत अर्ज दिलेला आहे. रस्त्याच्या अर्जाशेजारीच तो ठेवला असणार. त्याला चाळीस वर्षं लागू नयेत एवढीच इच्छा. मामेभाऊ अजून विकाच म्हणतो, पण शेवटच्या रविवारी तो स्वतः येऊन दोन तास पावत्या फाडून गेला, आणि जाताना एवढंच म्हणाला, “यंदा नको. पुढच्या वर्षी बघू.” एजंट आला तेव्हा मामाने त्याला सांगितलं, “तुजा आकडा एकदाच येनार. ह्यो बारका हाय, पर दरसाल येतोय.” ठेवींवरच्या व्याजाबद्दल मी इतकी वर्षं ग्राहकांना जे सांगतो, ते याहून सोपं करून मला कधी सांगता आलेलं नाही.

त्या सात रविवारांतल्या पाचव्या रविवारची गोष्ट सांगून थांबतो. बँकेच्या कामामुळे मला आधीचे दोन रविवार जाता आलं नव्हतं. सकाळी स्कूटर काढली, सौ.ने मामासाठी बेसनाचे लाडू दिले होते ते पुढे अडकवले आणि साडेदहाला फाटकाशी पोचलो. टेबलाशी मामाने ठेवलेला नवा पोरगा बसला होता. त्याने काठी आडवी धरली.

“दुचाकी शंभर रुपये.”

“अरे, मी मामांचा भाचा आहे.”

त्याने माझ्याकडे, स्कूटरकडे आणि लाडवांच्या पिशवीकडे कंटाळून पाहिलं.

“समदे तसंच म्हनत्यात,” तो म्हणाला.

मी शंभर रुपये दिले. पावती मात्र मागून घेतली. छपाई मीच केली होती. चांगली झाली आहे.